गॅट्सबीचं टाइमटेबल आलं कुठून?

फिट्झगेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी' या कादंबरीचा विषय निघाला की लोक पार्ट्या, जॅझ आणि खाडीपलीकडचा तो हिरवा दिवा यातच रमतात, पण हा माणूस एवढा अमेरिकन का वाटतो ते कळायला माझ्या मते शेवटच्या प्रकरणातलं एक फाटकं पुस्तक बघावं. गॅट्सबीच्या मयतीला आलेला त्याचा म्हातारा बाप खिशातून पोराचं लहानपणचं काउबॉयच्या गोष्टींचं पुस्तक काढतो. मागच्या कोऱ्या पानावर पोराने टाइमटेबल लिहिलेलं असतं, तारीख १२ सप्टेंबर १९०६. सहाला उठणं, डंबेल्स, विजेचा अभ्यास, काम, बेसबॉल, मग नीट बोलायची प्रॅक्टिस, रात्री सात ते नऊ 'गरजेच्या शोधांचा' अभ्यास. खाली संकल्प: सिगरेट-तंबाखू बंद, दिवसाआड अंघोळ, आठवड्याला पाच डॉलर शिल्लक टाकणे, त्यातले पाच खोडून तीन केलेत. (गंमत म्हणजे ते काउबॉयचं पुस्तक छापलं गेलं १९१० ला, म्हणजे लेखक इथे चुकलाय, पण चालतंय.)

हे टाइमटेबल सरळ अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनकडून आलंय. त्याच्या आत्मचरित्रात पहाटे पाचपासूनचा दिवसाचा तक्ता आहे, १३ सद्गुणांची यादी आहे आणि कुठला गुण कधी चुकला याच्या खुणा करायची वही पण. हाच फ्रँकलिन १७२३ मध्ये, १७ वर्षांचा असताना, बॉस्टनमधला भावाचा छापखाना सोडून फिलाडेल्फियाला पळाला होता, आणि नॉर्थ डाकोटाच्या गरीब शेतकऱ्याचा पोरगा जेम्स गॅट्झ नाव बदलून जे गॅट्सबी होतो तेव्हा तोही १७ चाच. घर मागे टाकायचं आणि स्वतःला नव्याने घडवायचं, ही अमेरिकेत जुनी सवय आहे.

मधल्या काळात गरीब पोरं वर येतात अशा गोष्टी लिहिणारा होरेशिओ अल्जर येऊन गेला. त्याची 'रॅग्ड डिक' १८६८ ची, बूटपॉलिश करणारं पोरगं कष्टाने वर येतं वगैरे. पण नीट वाचलं तर त्या पोराचं नशीब फळफळतं ते एका पैसेवाल्याच्या पाण्यात पडलेल्या मुलाला वाचवल्यावर, नुसत्या कष्टाने नाही. गॅट्सबीलाही असाच डॅन कोडी भेटतो, खाणींवर कोट्यधीश झालेला, लेक सुपीरियरवर यॉट घेऊन आलेला, आणि त्याला वादळाची सूचना देऊन हा पोरगा त्याच्याकडे चिकटतो. फक्त अल्जरच्या गोष्टीत बक्षीस मिळतं, इथे मृत्युपत्रातले २५,००० डॉलर कायद्याच्या डावपेचात भलत्याच बाईकडे जातात. तोवर पश्चिमेकडची मोकळी जमीनही संपत आलेली, १८९० च्या जनगणनेनंतर सरकारनेच सांगून टाकलं की आता वस्ती आणि मोकळी जमीन यांच्यात सलग अशी सीमारेषा उरली नाही. मग कष्टाळू पोराने जायचं कुठे? न्यूयॉर्कला. तिथे १९२० पासून दारूबंदी, पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळायची, त्यामुळे गॅट्सबीचा धंदा म्हणजे आडगल्लीतली औषधाची दुकानं, आणि काउंटरवरून दारू.

म्हणजे टाइमटेबल पाळणारा पोरगा आणि दारूचा काळा धंदा करणारा शेठ असे दोन वेगळे गॅट्सबी नाहीतच. शिस्त तीच, जिद्द तीच. भूतकाळ परत आणता येतो यावरचा त्याचा हट्टही तसलाच, कारण नाव, घराणं, उच्चार सगळं बदलता आलं तर दुसऱ्याशी लग्न केलेल्या जुन्या प्रेयसीची, डेझीची, पाच वर्षं का नाही पुसता येणार? तिथेच तो मरतो. ही कादंबरी म्हणजे 'अमेरिकन ड्रीम'वरचा, म्हणजे कष्टाने कुणीही मोठा होतो या स्वप्नावरचा निकाल, अशा नीतीच्या गप्पा मारणारे समीक्षक इथे मला बोअर करतात. तो शब्द तर चलनात आला १९३१ मध्ये, कादंबरी १९२५ ची! लेखकाला ऐनवेळी कादंबरीचं नाव बदलून झेंड्याच्या लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांवरून ठेवायचं होतं, पण उशीर झाला होता.

आणि तो बाप म्हणतो, पोरगा जगला असता तर जेम्स जे. हिलसारखा मोठा झाला असता. हिल म्हणजे मिनेसोटातल्या सेंट पॉल शहराचा रेल्वेसम्राट, समिट अव्हेन्यूवर २४० नंबरला त्याचा दगडी वाडा. त्याच रस्त्यावर ५९९ नंबरच्या घरात फिट्झगेराल्डने आपली पहिली कादंबरी पुरी केली.