सुबक हिमस्फटिक आणि बेढब हिमस्फटिक

हिमस्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तरी हाताने त्याचे चित्र पुरे होण्याआधीच त्याच्या कडा बोथट होऊ लागतात. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावचे शेतकरी विल्सन बेंटली यांनी यावर उपाय म्हणून सूक्ष्मदर्शकाला भात्याचा कॅमेरा जोडला आणि 15 जानेवारी 1885 रोजी, वयाची विशीही पूर्ण झालेली नसताना, पहिल्या हिमस्फटिकाचे छायाचित्र टिपले. काळ्या फळीवर कण झेलायचे, त्यांतला मनाजोगता कण बारीक काडीने उचलून काचपट्टीवर ठेवायचा, पिसाने हलकेच सपाट बसवायचा आणि श्वास रोखून, मागून येणाऱ्या प्रकाशात चित्र घ्यायचे, असे हे काम कडाक्याच्या थंडीतच चाले. आयुष्यभरात त्यांनी 5,000 हून अधिक चित्रे घेतली.

त्या चित्रांतले सौंदर्य वादातीत आहे. पुरावा म्हणून मात्र ती जपूनच वापरावी लागतात. एक तर बेंटली सुबक, सममित स्फटिक निवडून घेत, आणि शिवाय पार्श्वभूमी काळी दिसावी म्हणून निगेटिव्हवरील स्फटिकाभोवतीचा लेप चाकूने खरवडून काढत. असे करताना स्फटिकाची बाह्यरेषाच बदलते, हा जर्मन हवामानशास्त्रज्ञ गुस्ताव हेलमान यांचा आक्षेप मला रास्त वाटतो. प्रत्यक्षात पडणाऱ्या बर्फात वेडेवाकडे, मोडके, एकमेकांना चिकटलेले कणच जास्त असतात.

जपानच्या होक्काइडो विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी 1930 च्या दशकात या बेढब कणांचीही छायाचित्रे घेऊन वर्गवारी केली. 1936 साली त्यांनी प्रयोगशाळेतल्या थंड कक्षात सशाच्या केसावर कृत्रिम हिमस्फटिक वाढवला, आणि मग तापमान व बाष्पाचे प्रमाण बदलत गेल्यावर आकार कसा बदलतो, हे पडताळता आले. उणे 2 अंश सेल्सियसच्या आसपास पातळ चकत्या, उणे 5 च्या सुमारास सुया व स्तंभ, आणि उणे 15 जवळ, बाष्प भरपूर असेल तर, फांद्या फुटलेले चांदणीसारखे स्फटिक तयार होतात. षट्कोनी बांधणी पाण्याच्या रेणूंच्या रचनेतून येते. ती सर्वांत सारखीच.

हा संबंध कळल्यावर बेंटलींच्या पद्धतीत सहज बाजूला पडला असता असा कणही बोलका ठरतो. दोन्ही टोकांना चकत्या असलेला, दोऱ्याच्या रिळासारखा स्फटिक चित्रात दिसला, तर आधी स्तंभ वाढवणाऱ्या हवेत तो होता आणि नंतर चकत्या वाढवणाऱ्या वेगळ्या तापमानाच्या थरात शिरला, असे अनुमान काढता येते.