पार्श्वभूमी : रोमचा ‘पहिला सम्राट’ आणि उत्तरतालिकेतला घोळ

सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत प्राचीन रोम आला की प्रश्न ठरलेल्या चार-पाच घरांतच फिरतात. जळतं रोम आणि नीरो, सात टेकड्या, क्लिओपात्रा, जुलै-ऑगस्ट ही नावं कुणावरून पडली, आणि मग हमखास येणारा ‘रोमचा पहिला सम्राट कोण?’ निम्मी मंडळी ज्युलियस सीझर लिहितात, उत्तरतालिकेत ऑगस्टस असतो, आणि निकालानंतर परीक्षकाच्या टेबलाभोवती घोळका जमतो. उत्तरतालिका बरोबर आहे. तरी सीझर लिहिणाऱ्यांना सरळ शून्य देताना माझा हात अडखळतो, कारण हा घोळ त्यांच्या जन्माच्या दोन हजार वर्षं आधी घातला गेलाय, आणि घालणारा खुद्द ऑगस्टस आहे.

सुरुवातीच्या राजांचा काळ आणि प्रजासत्ताकाची पहिली चार शतकं इथे ओलांडून जाऊ. परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये रोमनांनी शेवटच्या राजाला हाकललं आणि तेव्हापासून ‘रेक्स’, म्हणजे राजा, हा शब्द राजकारणात शिवीसारखा झाला, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

ज्युलियस सीझर मेला तेव्हा त्याचं पद होतं डिक्टेटर. मराठीत आपण त्याला हुकूमशहा म्हणून मोकळे होतो, पण रोममध्ये ते कायद्यातलं जुनं पद होतं. संकटकाळी नेमायचं, मुदत जास्तीत जास्त सहा महिने. सीझरने ती मुदतच काढून टाकली. इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवर त्याचा चेहरा आहे आणि भोवती ‘कायमचा डिक्टेटर’ अशा अर्थाची अक्षरं. रोमच्या टांकसाळीने जिवंत रोमन माणसाचा चेहरा नाण्यावर घेतला तो हा पहिला. फेब्रुवारीतल्या उत्सवात भर चौकात त्याचा सहकारी अँटनीने त्याच्यापुढे राजचिन्हाची पट्टी धरली, ती त्याने नाकारली. महिन्याभरात, १५ मार्चला, त्याचा खून झाला.

सीझरचा दत्तक मुलगा ऑगस्टस, तेव्हाचा ऑक्टेव्हियन. त्याने यातून एक गोष्ट पक्की उचलली. सत्ता सगळी घ्यायची, पण तिला नाव द्यायचं नाही. इ.स.पू. २७ च्या जानेवारीत त्याने सिनेटपुढे, म्हणजे रोमच्या बड्या मंडळींच्या सभेपुढे, आपले विशेष अधिकार परत केले. सिनेटने बहुतेक फौजा जिथे होत्या नेमके ते प्रांत त्याच्या हाती दिले आणि वर ‘ऑगस्टस’ हे नाव बहाल केलं. इ.स.पू. २३ मध्ये त्याने कॉन्सलपद, म्हणजे वर्षभरासाठीचं सर्वोच्च पद, सोडलं आणि ट्रिब्यूनचे अधिकार घेतले. ट्रिब्यून हा मुळात सामान्य लोकांचा कैवारी. कुठलाही निर्णय अडवायचा हक्क त्याला असे आणि त्याच्या अंगाला हात लावणं हा अधर्म. पुढच्याच वर्षी धान्यटंचाईत लोक म्हणाले, डिक्टेटर व्हा. तर हा गृहस्थ गुडघ्यावर बसला, टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र, खांद्यावरून खाली ओढला आणि उघड्या छातीने लोकांची विनवणी करू लागला की एवढं मात्र नको. असं नाटक वठवायलाही कसब लागतं.

तेव्हा ‘सम्राट’ म्हणजे नेमकं काय? लॅटिनमध्ये त्याच्या काळी या पदाला शब्दच नव्हता. ‘इम्परेटर’ हा लढाई जिंकलेल्या सेनापतीचा सैनिकांनी केलेला जयघोष. तो त्याने चक्क आपल्या नावाआधी लावून घेतला. ‘प्रिन्सेप्स’ म्हणजे नागरिकांतला अग्रणी. ‘सीझर’ हे दत्तक घराण्याचं नाव. आपल्या कारकिर्दीचा जो लेख त्याने मागे ठेवला, त्याची प्रत अंकाऱ्याच्या देवळाच्या भिंतींवर लॅटिन आणि ग्रीकमध्ये कोरलेली आहे. त्यात तो म्हणतो की माझा मान सर्वांहून मोठा होता, अधिकार मात्र बरोबरीच्या पदाधिकाऱ्यांइतकाच होता. त्यामुळे ‘पहिला सम्राट’ ही पदवी मागच्यांनी दिलेली आहे, आणि तारीखही. प्रश्नमंजूषेची पुस्तकं इ.स.पू. २७ धरतात. एक प्राचीन इतिहासकार मात्र त्याची एकहाती सत्ता अँटनीला हरवलेल्या ॲक्टियमच्या लढाईपासून, म्हणजे इ.स.पू. ३१ पासून मोजतो. मला २७ पटतं, पण ३१ लिहिणाऱ्याशी मी भांडणार नाही.

हे आपल्याला नवं वाटू नये. आपण ‘सम्राट अशोक’ सहज म्हणतो, पण त्याच्या शिलालेखांत तो स्वतःला राजाच म्हणवतो.

सीझर आघाडीवर कसा आला याचं एक कारण रोमनच आहे. सम्राटांची गाजलेली बारा चरित्रं लिहिणाऱ्या सुएटोनियसने पहिलं चरित्र ज्युलियस सीझरचं घेतलं. यादीत पहिला तो पहिला, असा हिशेब पुढे वाचकांनी केला. दुसरं कारण मोठं. इ.स. ६८ मध्ये नीरोबरोबर सीझर-ऑगस्टसचं घराणं संपलं, तरी पुढच्यांनी ‘सीझर’ हे नाव सोडलं नाही, आणि आडनावाची पदवी झाली. रशियाचा त्सार, जर्मनीचा कैसर, कॉन्स्टँटिनोपल घेतल्यावर उस्मानी सुलतानाने लावलेलं ‘कैसर-ए-रूम’, सगळी त्याचीच रूपं. अटकेजवळच्या आरा इथल्या कुशाण शिलालेखात कनिष्काच्या बिरुदांत ‘कैसर’ वाचला जातो. सीझर म्हणजेच सम्राट असं जगभर झाल्यावर पहिला सीझर तोच पहिला सम्राट, असं कुणी म्हटलं तर त्याचं काय चुकलं?

हा शब्द आपल्या दारापर्यंतही आला. १८७६ च्या कायद्याने व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी करायचं ठरलं. इंग्लंडमध्येच अनेकांना ‘एम्प्रेस’ शब्द परका आणि भपकेबाज वाटत होता. इकडे ‘बादशहा’ म्हणावं तर मोगल आठवणार. लाहोरच्या एका महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी सुचवलेलं ‘कैसर-ए-हिंद’ मग पसंत पडलं, कारण अरबी-फारसीतून तो शब्द इथे ओळखीचा होता. १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात त्याची घोषणा झाली. दख्खनमध्ये तेव्हा दुष्काळ पेटला होता. पुण्याच्या एका सभेचे पुढारी हातसुताचे कपडे घालून त्या दरबाराला गेले होते. रुपयावर आधी ‘व्हिक्टोरिया क्वीन’ असे, त्याचं ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’ झालं. जुन्या डब्यातली दोन नाणी शेजारी ठेवली की हा बदल बोटाने दाखवता येतो.

१९४७ च्या निकेलच्या रुपयावर एका बाजूला वाघ आहे आणि दुसऱ्या बाजूला राजाच्या डोक्याभोवती ‘किंग एम्परर’. त्यातला ‘एम्परर’ म्हणजे तोच सैनिकांचा ‘इम्परेटर’. लंडनहून ती पदवी जून १९४८ मध्ये सोडली गेली. नाणी मात्र १९५० मध्ये नवी येईपर्यंत बाजारात चालत राहिली.