सलग रॅक कशा साफ होतात

पूल म्हणजे टेबलावर क्यूने, म्हणजे लांब काठीने, पांढरा बॉल मारून रंगीत बॉल कडेच्या पॉकेटमध्ये घालायचा खेळ. त्याच्या छोट्या स्पर्धेत हे दृश्य अधूनमधून दिसतं. नियम 'जिंकेल त्याचा ब्रेक' असा असतो; ब्रेक म्हणजे रचलेले बॉल फोडणारा पहिला फटका, आणि एकदा रचलेल्या बॉलचा डाव म्हणजे रॅक. एक खेळाडू ब्रेक करतो, नऊच्या नऊ बॉल घालतो, पुन्हा ब्रेक करतो, पुन्हा टेबल साफ. प्रतिस्पर्धी क्यू धरून खुर्चीत बसलेला, त्याची पाळीच येत नाही. तिसरी रॅक संपेपर्यंत आजूबाजूचे म्हणायला लागतात, आज याचा हात बसलाय. बसलाही असेल. पण टेबलावर जे घडतं त्यातला बराचसा भाग शाळेतल्या भूमितीने आणि गुणाकाराने उलगडतो.

आधी गुणाकार पाहू. नाइन-बॉल या पूलच्या नऊ बॉलच्या प्रकारात टेबलावरच्या सर्वांत लहान क्रमांकाच्या बॉललाच पांढऱ्याने आधी स्पर्श करावा लागतो, त्यामुळे क्रम जवळपास ठरलेला. ब्रेकवर एक बॉल गेला असं धरलं तर आठ उरतात. प्रत्येक शॉट जमण्याची शक्यता ९० टक्के असेल, तर आठही ओळीने जाण्याची शक्यता ०.९ चा आठवा घात, म्हणजे फक्त ४३ टक्के. ९५ टक्के असेल तर ६६ आणि ९८ असेल तर ८५. ब्रेकवर बॉल जाऊन पुढचा शॉटही मोकळा मिळणं निम्म्या वेळा घडतं असं उदाहरणापुरतं मानू. मग ब्रेकपासून शेवटपर्यंत अख्खी रॅक साफ होण्याची शक्यता अनुक्रमे सुमारे २२, ३३ आणि ४३ टक्के येते. सलग तीन रॅकचं काय? पहिल्या खेळाडूला शंभरात एकदा, दुसऱ्याला सत्तावीसात एकदा, तिसऱ्याला तेरात एकदा. ९० आणि ९५ टक्क्यांतला फरक दोन-चार शॉट बघून कुणाच्या लक्षातही येणार नाही; तीन रॅकनंतर मात्र तो साडेतीनपट होऊन बसतो.

ही टक्केवारी कुणाच्या कपाळावर लिहिलेली नसते. ती दर शॉटला बदलते आणि तिला सर्वांत जास्त हलवतं ते अंतर. पूलचा बॉल ५७ मिलिमीटर व्यासाचा. समजा, पांढरा आणि रंगीत बॉल यांच्या केंद्रांत एक मीटर अंतर आहे, शॉट अगदी सरळ आहे आणि मारताना दिशा किंचित चुकली. रंगीत बॉलची दिशा तेवढ्यावर थांबत नाही, ती साधारण सोळापट चुकते. पांढरा मीटरभर जाता जाता थोडा बाजूला सरकतो आणि ते सरकणं एका लहानशा गोलाईवर जाऊन आदळतं. गोलाईवर स्पर्शबिंदू जरासा हलला की धक्क्याची दिशा बरीच फिरते. ढोबळ सूत्र असं: केंद्रांतलं अंतर भागिले बॉलचा व्यास, वजा एक. अंतर ३० सेंटिमीटर केलं की हाच गुणक सव्वाचारच्या आसपास येतो.

कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड सुमारे ११५ मिलिमीटर, म्हणजे बॉलच्या दुप्पट. बॉलचा मध्य दोन्हीकडे २९ मिलिमीटरपर्यंत चुकला तरी तो आत जाऊ शकतो. रंगीत बॉल पॉकेटपासून मीटरभर दूर असेल तर त्याला दोन्ही बाजूंना सुमारे १.७ अंशांची मोकळीक आहे. तिला सोळाने भागा. पांढऱ्याला उरतो अंशाचा दहावा भाग. आता पांढरा ३० सेंटिमीटरवर आणि रंगीत बॉल पॉकेटपासून अर्ध्या मीटरवर आणून ठेवा. मोकळीक पाऊण अंशाच्या घरात जाते, म्हणजे सात-आठपट. खेळाडू तोच, क्यू तोच, हाताचा कंपही तोच. लांबचा बॉल कुणी घातला की टाळ्या पडतात. मला अशा वेळी आधीचा शॉट आठवतो आणि प्रश्न पडतो, पांढरा इतका लांब राहिलाच का?

पांढऱ्याला कुठे थांबवायचं, हाच मग सगळा खेळ. इथे निसर्ग बराच मदतीला येतो. पांढरा घरंगळत नसेल, नुसता सरकत येऊन आदळला असेल, तर धडकेनंतर तो रंगीत बॉलच्या वाटेशी जवळजवळ काटकोन करून निघतो. खेळाडू याला स्टन म्हणतात. पांढरा नीट घरंगळत आला असेल तर चित्र वेगळं: रंगीत बॉलचा पाव भाग झाकणारी धडक असो की पाऊण भाग झाकणारी, तो आपल्या मूळ वाटेपासून साधारण ३० अंशांनीच वळतो. एवढ्या मोठ्या पट्ट्यात कोन जवळपास स्थिर राहणं ही खेळाडूला मिळालेली देणगीच आहे, कारण निशाण्यातली छोटी चूक पांढऱ्याच्या वाटेत फारशी उतरत नाही. गास्पार-गुस्ताव कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावर आख्खं पुस्तक लिहिलं. फिरत्या पृथ्वीवरच्या वाऱ्यांच्या संदर्भात ज्याचं नाव आपण ऐकतो, तोच हा.

दिशा अशी सांभाळली जाते, वेग मात्र दगा देतो. कापडावर घरंगळणाऱ्या बॉलची गती जवळपास एकसारख्या दराने कमी होते, त्यामुळे तो किती दूर जाईल हे वेगाच्या वर्गावर ठरतं. वेग दहा टक्के जास्त लागला तर अंतर एकवीस टक्के वाढतं. पांढऱ्याला दोन मीटर फिरवून आणायचं असेल तर चूक बेचाळीस सेंटिमीटरची. तीस सेंटिमीटरच सरकवायचं असेल तर सहाची. रॅकमागून रॅक साफ करणाऱ्यांचा खेळ बघायला थोडा कंटाळवाणा का वाटतो, ते यावरून कळेल. पांढरा फारसा फिरतच नाही. आणि एकदा तो चुकीच्या जागी थांबला की पुढचा शॉट लांबतो, लांबलेल्या शॉटनंतर पांढरा पुन्हा नेमका थांबवणं कठीण होतं. म्हणजे आपण वर प्रत्येक शॉटची शक्यता स्वतंत्र मानली ते सोयीचं होतं, खरं नव्हे.

मग एका रॅकचा दुसरीशी काय संबंध? बॉल पुन्हा रचले की आधीची मांडणी पुसली जाते. धागा उरतो तो ब्रेकचा.

ब्रेकमध्ये बॉल एकमेकांवर धडाधड आपटतात आणि वर पाहिलेला गुणक प्रत्येक धडकेला नव्याने लागतो. मायकेल बेरी या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये हिशेब मांडला होता: बॉलची लागोपाठ नववी-दहावी धडक कशी होईल हे सांगायचं तर टेबलाशेजारी उभ्या असलेल्या माणसाचं गुरुत्वाकर्षणही धरावं लागेल! म्हणजे ब्रेक निव्वळ नशीब? नाही, कारण पहिल्या एक-दोन धडकांपुरता तो बऱ्यापैकी शिस्तीत असतो. नऊ बॉलच्या चौकटीत दोन टोकांना जे बॉल असतात ते, रॅक घट्ट लागली असेल तर, जवळपास ठरलेल्या वाटेने कोपऱ्याच्या पॉकेटकडे निघतात. बॉलमध्ये केसाएवढी फट राहिली तरी धडकांचा क्रम बदलतो आणि ती वाट मोडते. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर बॉल बसवायची पद्धत आल्यावर या फटी कमी झाल्या, म्हणून ब्रेक जास्त भरवशाचा झाला. ज्या खेळाडूला त्या दिवशी त्या टेबलावर पांढरा नेमका कुठे ठेवून किती जोराने मारायचा हे सापडलं, त्याला ते पुढच्या रॅकलाही उपयोगी पडतं. कोरी ड्युअल या खेळाडूने २००१ च्या नाइन-बॉलच्या यूएस ओपनमध्ये हळू ब्रेकचा असा वापर केला की अंतिम सामन्यात मिका इमोनेनला ११–० हरवलं. त्यामुळे काही स्पर्धांत आता ब्रेकवर किमान तीन बॉल पॉकेटमध्ये जावेत किंवा टेबलाचा ठरावीक भाग ओलांडावेत, असा नियम असतो.

'हात बसला' या समजुतीवरही शास्त्रज्ञांनी बराच वेळ घालवलाय. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी बास्केटबॉलच्या नोंदी तपासून सांगितलं की लागोपाठ बास्केट केल्यावर पुढची होण्याची शक्यता वाढत नाही, तो भास आहे. तीस वर्षं हे पाठ्यपुस्तकातलं आवडतं उदाहरण होतं. मग मिलर आणि सान्हुर्हो यांनी २०१८ मध्ये त्या मोजणीतच एक सूक्ष्म कल दाखवून दिला. नाणं तीनदा उडवा आणि छाप्यानंतर लगेच छापा किती वेळा आला त्याचं प्रमाण काढा. असे पुष्कळ तिहेरी डाव खेळून त्या प्रमाणांची सरासरी घेतली तर ती निम्मी येत नाही, सुमारे ४२ टक्के येते, नाणं अगदी सच्चं असलं तरी. हा कल वजा केला की त्याच जुन्या आकड्यांत हात बसण्याच्या खुणा दिसू लागतात. पूलमध्ये तर त्यासाठी मनाच्या अवस्थेपर्यंत जायचीही गरज नाही. ब्रेकची सापडलेली जागा आणि कापडाचा कळलेला वेग एवढ्यानेही रॅक एकमेकींशी जोडल्या जातात.

तरीही दुसरी बाजू विसरू नये. बत्तीस खेळाडूंच्या, दोन हारींनंतर बाद करणाऱ्या स्पर्धेत किमान बासष्ट सामने होतात आणि प्रत्येक सामन्यात सलग रॅकची मालिका सुरू व्हायला एकापेक्षा जास्त संधी असतात. शंभरात एकदा घडणाऱ्या गोष्टीला शंभर संधी दिल्या तर ती निदान एकदा घडण्याची शक्यता ६३ टक्के. तीन सलग रॅक कुणीतरी साफ करणारच. कोण, एवढंच आधी माहीत नसतं.

या हिशेबावर पैसे लावलेही गेले आहेत. १९९६ मध्ये डॅलसच्या एका स्पर्धेत सलग दहा रॅक साफ करणाऱ्याला दहा लाख डॉलर जाहीर झाले, आणि एर्ल स्ट्रिकलंड या खेळाडूने सलग अकरा साफ केल्या. बक्षिसावरून विमा कंपनीशी वाद झाला आणि प्रकरण तडजोडीवर मिटलं. शॉटमागे ९८ टक्के आणि ब्रेकला ५० टक्के धरले तर सलग दहाची शक्यता सुमारे ५२०० त एक येते. बाकी काही न बदलता ब्रेकचा आकडा फक्त ७० टक्क्यांवर न्या. ती १८० त एक होते.