जुने फिल्म कॅमेरे व लेन्स : प्रतिमेच्या गुणवत्तेची तुलना

फिल्मवर चालणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांनी आणि लेन्सनी काढलेल्या छायाचित्रांचा बारीक तपशील, कॉन्ट्रास्ट, रंग आणि फोकसबाहेरच्या भागाचे रूप एकमेकांशी ताडून पाहण्याची पद्धत. १९२० च्या दशकापासून ऑटोफोकस रुळेपर्यंतचे कॅमेरे साधारणपणे या तुलनेत येतात. निगेटिव्हवरचे चित्र लेन्स, शटर, फिल्म ताठ धरणारी चौकट, फिल्म, डेव्हलपर आणि शेवटी एन्लार्जर किंवा स्कॅनर या सगळ्यांनी मिळून घडवलेले असते. म्हणून ‘कोणती लेन्स चांगली?’ या प्रश्नाआधी ‘कशावर आणि किती मोठे करून पाहिले?’ हे विचारावे लागते.

चौकटीचा आकार

सगळ्यात मोठा फरक फिल्मच्या आकाराने पडतो. ३५ मिमी फिल्मवरची नेहमीची चौकट २४ × ३६ मिमी, म्हणजे ८६४ चौ. मिमी असते. १२० या रुंद रोल-फिल्मवरची ‘सहा बाय सहा’ (सेंमी) चौकट प्रत्यक्षात ५६ × ५६ मिमीच्या आसपास भरते. तिचे क्षेत्रफळ ३,१३६ चौ. मिमी, म्हणजे साडेतीन पटींहून जास्त. ८ × १० इंची प्रिंट काढायची तर ३५ मिमीची निगेटिव्ह सुमारे साडेआठ पट मोठी करावी लागते, सहा बाय सहाची साडेचार पट. वाढवण्याचे प्रमाण निम्म्यावर आले की फिल्मचे दाणे आणि लेन्सचे दोषही त्याच प्रमाणात लहान राहतात. रोलायफ्लेक्स या सहा बाय सहा कॅमेऱ्यावरची चार काचांची साधी टेसार लेन्स मोठ्या प्रिंटवर ३५ मिमीच्या कितीतरी महाग लेन्सना मागे टाकते, त्याचे कारण हेच.

घरातल्या जुन्या अल्बमचे कोडेही इथेच सुटते. भारतात आगफा क्लिक ३ हा साध्या भिंगाचा कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत पुष्कळ होता. त्याच्या निगेटिव्ह बऱ्याचदा थेट कागदावर ठेवून, जराही मोठ्या न करता छापल्या जात. सव्वादोन इंची चौकोनी फोटोत आजीच्या नऊवारीचे काठ स्वच्छ दिसतात. तीच निगेटिव्ह ए-४ आकारात वाढवली की मधला चेहरा टिकतो, पण कडेला उभी असलेली भावंडे विरघळू लागतात. कॅमेऱ्याचा दोष पहिल्यापासून तिथेच होता. छोट्या छपाईने तो झाकला होता, इतकेच.

टेसार, झोनार, प्लॅनर

जुन्या लेन्सची तुलना करताना नावापेक्षा घराणे पाहावे. टेसार ही रचना पाउल रुडोल्फ यांनी येना येथील झाइस कारखान्यात १९०२ मध्ये आणली. तिच्यात तीन गटांत चार काचा, आणि मागच्या दोन एकमेकींना चिकटवलेल्या. १९२५ मध्ये आलेल्या पहिल्या लायकावर लवकरच बसू लागलेली ५० मिमी एफ ३.५ (एफचा आकडा लहान तितकी लेन्सची उघडीप, म्हणजे ॲपर्चर, मोठी) एल्मार आणि सोव्हिएत इंडुस्टार-५० याच चार काचांच्या बांधणीच्या. एफ ८ वर नेली की चांगल्या स्थितीतली कोणतीही टेसार आजही लाज राखते. एफ २.८ पर्यंत ताणलेली टेसार मात्र पूर्ण उघडल्यावर कोपऱ्यांत ढिली पडते.

यापुढची हकिगत या विषयात सर्वांत रंजक आहे. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ४ ते ५ टक्के प्रकाश परत फिरतो आणि त्यातला काही लेन्सच्या आत भटकत राहून सावल्यांवर राखाडी पडदा टाकतो. टेसारला हवेला भिडणारे सहा पृष्ठभाग आहेत. रुडोल्फ यांचीच १८९६ ची प्लॅनर कडांपर्यंत सपाट चित्र देणारी, कागदावर टेसारहून सरस, पण तिला असे आठ पृष्ठभाग होते. दर पृष्ठभागाला ५ टक्के धरले तर तिच्यातून जेमतेम ६६ टक्के प्रकाश सरळ पार होई. उत्तम रचना असूनही ती कित्येक दशके मागे पडली. १९३२ च्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी लुडविग बेर्टेले यांनी झोनारमध्ये वेगळी वाट काढली. एफ १.५ च्या झोनारला सात काचा, पण त्या तीनच गटांत चिकटवलेल्या, म्हणून उघडे पृष्ठभाग टेसारइतकेच, सहा. परावर्तन रोखणारा थर (कोटिंग) नसलेल्या काळात इतक्या उघड्या लेन्समधून असा खणखणीत कॉन्ट्रास्ट मिळणे ही मोठीच कामगिरी होती.

झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर परावर्तन रोखणारा पातळ थर देण्याची पद्धत शोधली. महायुद्धानंतर ती सर्वत्र पसरली आणि प्लॅनर पुन्हा वर आली. एकाच रचनेच्या युद्धपूर्व आणि युद्धोत्तर नमुन्यांतला फरक त्यामुळे धारदारपणापेक्षा सावल्यांच्या काळेपणात जास्त दिसतो. खिडकीसमोर माणूस बसवून दोन्हींनी फोटो काढला की कोटिंग नसलेल्या लेन्समध्ये केसांचा काळा भाग धुरकट होतो, केस मात्र मोजता येतात.

युद्धानंतर झाइसची यंत्रे सोव्हिएत संघात गेली. कॉन्टॅक्सचा कीव्ह झाला, ५० मिमी एफ २ झोनारची ज्युपिटर-८ झाली. जपानकडे जगाचे लक्ष वळले ते १९५० मध्ये. ‘लाइफ’ या अमेरिकी नियतकालिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांना टोकियोत निकॉनच्या ८५ मिमी एफ २ निक्कोरचे चित्र पाहायला मिळाले आणि कोरियाच्या युद्धात त्यांनी निक्कोर लेन्स वापरल्या. ती निक्कोरही झोनारच्याच घराण्यातली.

रेषा मोजण्याची मर्यादा

तपशील मोजण्याची जुनी रीत म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तक्ता फिल्मवर घ्यायचा आणि दर मिलिमीटरमागे किती रेषाजोड्या वेगळ्या दिसतात ते भिंगाखाली पाहायचे. १९५१ चा अमेरिकी हवाई दलाचा तक्ता यासाठी अजून वापरतात. ढोबळ हिशेबाने, लेन्स ६० आणि फिल्म ८० रेषाजोड्या देत असेल तर दोन्ही मिळून फिल्मवर ३४ च्या आसपास उरतात. नुसती उत्तम लेन्स लावून चित्र दुप्पट का सुधारत नाही, हे यातून कळते. स्कॅनरही आपला वाटा कापतो. २४०० डीपीआयला (दर इंचाला २४०० बिंदू) दर मिलिमीटरला ९४ बिंदू पडतात, म्हणजे फार तर ४७ रेषाजोड्या. त्यापलीकडचे निगेटिव्हवर असले तरी पडद्यावर येत नाही. साध्या फ्लॅटबेड स्कॅनवरून दोन चांगल्या ३५ मिमी लेन्समध्ये डावे-उजवे ठरवणे त्यामुळे पटण्यासारखे नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग (लूप) घेऊन निगेटिव्हच पाहावी.

शिवाय रेषांची संख्या एकटी फसवते. डोळ्याला धारदार वाटते ते मध्यम जाडीच्या तपशिलातला कॉन्ट्रास्ट शाबूत असल्यामुळे. म्हणूनच झाइससारखे उत्पादक १०, २० आणि ४० रेषाजोड्यांवर किती कॉन्ट्रास्ट उरतो याचे आलेख देतात.

तुलना कशी करावी

कॅमेरा जड तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर), शटर केबलने, फिल्म एकाच बॅचची, डेव्हलपिंग एकाच टाकीत. कोकणात किंवा गोव्यात जांभ्याची उघडी भिंत यासाठी फार चांगली: लहान-मोठी छिद्रे सर्वत्र पसरलेली असल्याने मधला आणि कोपऱ्याचा फरक लगेच डोळ्यांत भरतो. कॅमेरा भिंतीला समांतर नसेल तर लेन्सचा नसलेला दोष तिच्या माथी मारला जातो. दूरच्या तपासणीसाठी आकाशावर उठून दिसणाऱ्या बारीक फांद्या घ्याव्यात. प्रत्येक ॲपर्चरला स्वतंत्र चौकट हवीच, कारण एफ ८ वर बहुतेक लेन्स सारख्याच भासतात आणि खरा स्वभाव पूर्ण उघडल्यावर कळतो. एफ १.५ झोनारमध्ये तर ॲपर्चर लहान करताना फोकस मागे सरकतो. एकाच चौकटीवरून तिला मऊ ठरवणाऱ्यांनी बहुधा हे सरकणेच पाहिलेले असते.

फोकसबाहेरचा भाग आकड्यांत सहज बसत नाही. झाइसच्या बायोटारवरून बनवलेल्या सोव्हिएत हेलिओस-४४ मध्ये मागची पाने मध्याभोवती गोल फिरल्यासारखी दिसतात. कडेच्या तिरप्या किरणांना लेन्सची नळी अडवते, प्रकाशाचे गोल ठिपके बदामाच्या आकाराचे होतात आणि ते मध्याभोवती रांगेत लागतात. शौकीन याला ‘कॅरेक्टर’ म्हणतात. हा मुळात दोष आहे; पण चेहऱ्यामागे झाड असले की देखणा दिसतो, आणि त्यासाठी ही लेन्स घेणाऱ्याचे काही चुकत नाही.

नमुन्याची अवस्था

सत्तर वर्षांनंतर हातात येते ती रचना नसते, तिचा एक वापरलेला नमुना असतो. कुणी तरी स्क्रूड्रायव्हरने उघडलेला, काच उलटी बसवलेला नमुनाही बाजारात येतो. लेन्स पूर्ण उघडून, मागून टॉर्च धरून तिरपे पाहिले की वंगणाची वाफ बसून आलेले धुके, काचा चिकटवणाऱ्या बाल्समचे सुटणे आणि बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चामडी केसमध्ये बंद ठेवलेल्या लेन्सना बुरशी हमखास धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून लेन्स केसबाहेर ठेवाव्यात. थोड्या बुरशीने तपशील फारसा जात नाही, पण प्रकाशासमोर कॉन्ट्रास्ट कोसळतो. मग दोष कारखान्याच्या नावावर जमा होतो.

पेंटॅक्सच्या ५० मिमी एफ १.४ सुपर टाकुमार लेन्सच्या एका प्रकारात थोरियमयुक्त काच आहे. ती वर्षानुवर्षांत चहासारखी पिवळट होते. काही दिवस अतिनील प्रकाशात ठेवल्यास बरीचशी निवळते. रंगीत स्लाइडवर तिचा पिवळा झाक लपत नाही. कृष्णधवल फिल्मवर मात्र तीच काच हलक्या पिवळ्या फिल्टरचे काम करते आणि आकाश किंचित गडद उतरते.