नऊ आठ की आठ आठ?

‘अठ्ठ्याण्णव’ आणि ‘अठ्ठ्याऐंशी’ हे दोन आकडे एकदा मोठ्यानं म्हणून बघा. सुरुवात अगदी सारखी, फरक काय तो शेपटाला. आता हेच आकडे धावत्या रुग्णवाहिकेतून, डोक्यावर सायरन वाजत असताना, फोनवर रुग्णालयाला कळवायचे आहेत. रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण 98 असेल तर तेवढ्यापुरती चिंता नाही. 88 असेल तर बहुतेक रुग्णांच्या बाबतीत तिकडं धावपळ सुरू व्हायला हवी. शब्दाचं शेपूट सायरनमध्ये बुडालं, तर ऐकणारा ते स्वतःच्या अंदाजानं जोडून घेतो, आणि आपण अंदाज केला हे त्याच्या लक्षातही येत नाही. आपला मेंदू अर्धवट ऐकलेलं असंच पुरं करत असतो.

म्हणून आकडे सुटे बोलायचे: ‘नऊ आठ’, ‘आठ आठ’. औषधाच्या मात्रेतही ‘साठ’ न म्हणता ‘सहा शून्य’ म्हणायचं, कारण ‘सात’ आणि ‘साठ’ यांच्यात एका व्यंजनाचंच अंतर आहे. आणि ऐकणाऱ्यानं नुसतं ‘हो’ म्हणून सोडायचं नाही. “ऑक्सिजन आठ आठ?” “बरोबर, आठ आठ.” एवढं झालं की निरोप पोचला. नुसत्या ‘हो’मधून त्यानं नेमकं काय ऐकलं, हे कळत नाही.

ही शिस्त विमानवाहतुकीनं फार मोठी किंमत मोजून पक्की केली. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. नियंत्रण कक्षानं एका विमानाला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला होता, उड्डाणाची परवानगी दिलेली नव्हती. वैमानिक निघाल्याचं बोलला, त्यावर नियंत्रकाचं ‘ओके’ ऐकू आलं, आणि पुढचं ‘थांबा’ दुसऱ्या विमानाच्या बोलण्याशी एकाच वेळी आल्यामुळं कर्कश आवाजात हरवलं. धुकं होतं, इतरही कारणं होती. पण त्या ‘ओके’चा धडा जगभर गिरवला गेला.

महाराष्ट्रात 2014 पासून धावणाऱ्या 108 च्या गाड्यांवर चालकाला पायलटच म्हणतात. मला हा शब्द फार योग्य वाटतो, कारण मागं रुग्णाजवळ असलेल्या डॉक्टरचा जीव त्याच्या बोलण्यावर असतो. डॉक्टरला समोरचा रस्ता दिसत नाही. छातीवर दाब द्यायची वेळ आली, तर मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटीमीटर खोल दाबायचं असतं. दोन्ही हात अडकलेले, पट्टा सुटलेला. अशात करकचून ब्रेक लागला की 60 किलोच्या माणसाला पुढं ढकलणारा रेटा 40 किलो वजनाच्या आसपास जातो. ताशी 50 किलोमीटरच्या वेगात गाडी थेट कशावर आदळली, तर पट्टा न लावलेलं अंग तेवढ्याच वेगानं पुढं जातं. तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे दहाएक मीटरवरून पडल्यावर जमिनीला टेकताना जो वेग असतो, तो हाच. न बांधलेला ऑक्सिजन सिलिंडरही असाच सुटतो.

म्हणून पायलटनं दोन-तीन सेकंद आधी ओरडायचं: “खड्डा!” “ब्रेक!” “डावं वळण!” एकच शब्द, पण तेवढ्यात मागचा माणूस दांडा धरतो, गुडघे वाकवतो. मागूनही आवाज यायला हवा. इंजेक्शन देताना “सुई उघडी!” म्हटलं की पायलट वेग कमी करतो आणि “चला” ऐकेपर्यंत तसाच ठेवतो. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, ती थेट, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात टाकायची. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी चा धोका याच्या कितीतरी पट जास्त. त्यामुळं लस आधीच घेतलेली हवी, आणि सुई टोचलीच तर लपवू नये. एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच, सुरू व्हावी लागतात. ड्यूटी संपेपर्यंत गप्प राहणारी माणसं मला सगळ्यांत जास्त काळजीत टाकतात.

सायरनवर विसंबू नये, हेही पायलट अनुभवानं शिकतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. चौकात तो इमारतींवरून परतल्यानं कुठून येतोय तेच कळत नाही. ताशी 60 च्या वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ 17 मीटर पुढं गेलेली असते. सिग्नलला वेग कमी करायचा तो यासाठी.

आणि मग स्ट्रेचर. “एक, दोन, तीन!” म्हटल्यावर उचलायचं कधी, ‘तीन’ला की ‘तीन’नंतर? चार माणसांत दोन मतं असली, तर दोघं आधी उचलतात आणि क्षणभर सगळं वजन त्यांच्याच कमरेवर येतं. 20 किलोचं ओझं कण्यापासून अर्धा मीटर पुढं धरलं, तर पाठीच्या स्नायूंना त्याच्या दहापट, 200 किलोच्या आसपास ताण सोसावा लागतो, कारण ते मणक्यापासून जेमतेम 5 सेंटीमीटरवर असतात. तरफेचं गणित इतकं उलटं पडतं. तेव्हा मोजणारा एकच, रुग्णाच्या डोक्याशी उभा असलेला, आणि हात घालण्याआधी त्यानं सांगायचं: “मी ‘उचला’ म्हणेन तेव्हा.” बाकीच्यांनी म्हणायचं, “‘उचला’ला.” मग वाकायचं.