पेट्रोल पोल सॉ

पोल सॉ म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला बसवलेली छोटी साखळी आरी. पेट्रोलवर चालणाऱ्या प्रकारात इंजिन दांड्याच्या खालच्या टोकाला, कामगाराच्या कमरेपाशी असते. दांड्याच्या पोकळीतून जाणारा शाफ्ट वरच्या गिअरपेटीला फिरवतो आणि तिच्यातून साखळीला गती मिळते. झाडावर न चढता, शिडी न लावता, जमिनीवर उभे राहून फांदी कापता यावी यासाठी हे यंत्र आहे. शिडीवर उभे राहून ते चालवणे म्हणजे त्याचा मूळ हेतूच मोडणे.

नागपुरात त्याला काम भरपूर आहे. सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, रामदासपेठ या भागांतल्या जुन्या कडुनिंब, पेल्टोफोरम, गुलमोहर, शिरीष आणि करंज यांच्या फांद्या कंपाउंडवर, टिनाच्या शेडवर आणि तारांवर झुकतात. मे-जूनच्या वादळात त्यातल्या ठिसूळ फांद्या, विशेषतः गुलमोहराच्या, आधी तुटतात. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या संत्रा बागांतही हे यंत्र नेले जाते, पण तिथे त्याचा उपयोग समजतात त्यापेक्षा कमी आहे. बागेतली बहुतेक सल, म्हणजे काढायच्या वाळल्या फांद्या, पेन्सिलीएवढी किंवा अंगठ्याएवढी जाड असते. अशी काडी साखळीच्या दातांत नुसती थरथरते, कापली जात नाही. तिथे हातकात्री किंवा लांब दांड्याची दोरीची कात्रीच बरी. पोल सॉ लागतो तो जुन्या बागेतल्या मनगटाएवढ्या वाळल्या फांद्यांना.

पोहोच आणि वजन

खरेदी करताना बहुतेकांची नजर लांबीवर जाते आणि फसगत तिथेच होते. सरकत्या दांड्याच्या यंत्राची लांबी साधारण २.७ ते ३.९ मीटर असते. दांडा जमिनीशी ६० अंशांपेक्षा जास्त उभा धरायचा नाही, हा नियम उत्पादकांच्या पुस्तिकांत असतो. त्याहून उभा धरला की कापलेली फांदी सरळ डोक्यावर येते. आता हिशेब करू. ३.९ मीटरचा दांडा ६० अंशांत धरला तर उंची मिळते सुमारे ३.४ मीटर. इंजिन कमरेशी म्हणजे जमिनीपासून एक मीटरवर धरले, तर पाते पोहोचते साडेचार मीटरच्या आतबाहेर आणि कामगार फांदीच्या खालून सुमारे दोन मीटर मागे राहतो. २.७ मीटरच्या यंत्राची पोहोच याच हिशेबाने सुमारे ३.३ मीटर. पोस्टरवर छापलेली पोहोच हाताच्या उंचीपासून मोजलेली असते की दांडा जवळजवळ उभा धरून, हे विचारून घ्यावे.

दुसरी बाजू वजनाची. असे यंत्र इंधनाशिवाय साधारण ५.५ ते ८ किलो भरते. इंजिनाचे वजन पट्टा पेलतो, पण टोकाच्या गिअरपेटीचा, पात्याचा आणि साखळीचा भार लांब तरफेच्या शेवटी लटकत असतो. दांडा पूर्ण बाहेर काढला की तोच भार दुप्पट वाटतो आणि दहा मिनिटांत खांदा बोलू लागतो. थकलेल्या हाताने पाते फांदीवर टेकत नाही, आपटते. म्हणून घरच्या अंगणातल्या कामाला सरकत्या दांड्यापेक्षा ठरलेल्या लांबीचे हलके यंत्र चांगले. साडेचार मीटरच्या वरची फांदी दोर बांधून चढणाऱ्या जाणत्या माणसाची किंवा हायड्रोलिक शिडीची आहे.

निवड

इंजिन २५ ते ३६ सीसीचे पुरते. पाते १० किंवा १२ इंचांचे असते. १२ इंचांच्या पात्याने कागदोपत्री २५ सेंटिमीटरची फांदी कापता येईल, पण खालून, लांबून, नेमकेपणाने कापायची जाडी ५ ते १५ सेंटिमीटर एवढीच धरावी. १० सेंटिमीटर जाडीची, तीन मीटर लांबीची ओली निंबाची फांदी पानांसकट वीसेक किलो भरते. ती कुठे पडणार हे ठरवता येत नसेल तर पात्याची लांबी कामाची नाही.

शेतकऱ्यांकडे ब्रश कटर, म्हणजे गवत-झुडपे कापायचे यंत्र, आधीच असतो, आणि त्यालाच पोल सॉचे डोके जोडायचा स्वस्त मार्ग बरेच जण धरतात. तो चालतो, पण जोड बघून. ब्रश कटरच्या दांड्याचा व्यास २६ की २८ मिलिमीटर, आतल्या शाफ्टच्या टोकाला खाचा ७ की ९, हे दोन आकडे जुळले नाहीत तर डोके बसत नाही, किंवा बसले तरी खाचा घासून आठवड्यात गोल होतात. ४३ किंवा ५२ सीसीच्या ब्रश कटरला जोडलेले डोके ताकदवान होते, तितकेच जडही.

दुकानातून निघण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: सुटी साखळी आणि फिल्टर गावात मिळतात का, पट्टा खांद्यावरून कमरेपर्यंत वजन वाटून घेतो का, आणि थ्रॉटल सोडल्यावर साखळी पूर्ण थांबते का. निष्क्रिय वेगातही साखळी सरकत असेल तर आयडल स्क्रू थोडा डावीकडे फिरवावा. तरीही थांबत नसेल तर क्लचमध्ये दोष आहे, यंत्र घेऊ नये.

इंधन आणि नागपूरचे ऊन

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये टूटी ऑइल मिसळावे लागते. चांगल्या ऑइलला बहुतेक नव्या यंत्रांचे प्रमाण ५०:१, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर. स्वस्त ब्रश कटरांना बहुधा २५:१, म्हणजे ४० मिलिलिटर. अखेरचा शब्द यंत्राच्या पुस्तिकेचा. ऑइल कमी पडले तर पिस्टनवर ओरखडे पडून इंजिन जाम होते. जास्त झाले तर धूर, काळा प्लग आणि सायलेन्सरच्या जाळीत साचलेला कार्बन. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करून हलवावे. टाकीतच पेट्रोल आणि वरून ऑइल ओतणे ही सर्रास दिसणारी आणि सर्वांत महागात जाणारी सवय आहे.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल शोषते, आणि पाणी फार झाले की ते दोन्ही मिळून तळाशी बसतात. त्यामुळे केलेले मिश्रण महिनाभरात संपवावे. यंत्र पावसाळाभर ठेवून द्यायचे असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. नाहीतर कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतो आणि दिवाळीनंतर यंत्र दोरी ओढून ओढून दमवते.

मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे गेलेला असताना, वेगळीच तक्रार येते. यंत्र छान चालते, इंधन भरायला थांबवले की पुन्हा सुरू होत नाही. इंजिन थांबल्यावर पंख्याची हवा बंद होते, सिलिंडरची उष्णता कार्ब्युरेटरमध्ये चढते आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. अशा वेळी चोक ओढून दोरी झटकत राहिल्यास प्लग ओला होतो, इतकेच. यंत्र सावलीत दहा मिनिटे ठेवावे, प्रायमरचा फुगा सहा-आठ वेळा दाबून ताजे पेट्रोल आणावे आणि चोक न ओढता अर्ध्या थ्रॉटलवर दोरी ओढावी. गरम टाकीचे झाकण एकदम उघडू नये, आत दाब असतो. इंधन भरलेल्या जागेपासून तीन मीटर दूर जाऊन मगच यंत्र सुरू करावे.

कापण्याची रीत

आधी फांदी पडण्याचा मार्ग पाहावा, मग आपल्या पळण्याचा. फांदी टोकाकडे जड असते. ती तुटताना शेंडा आधी जमिनीला टेकतो आणि बुडखा उसळून खोडाकडे किंवा कामगाराकडे येतो. म्हणून फांदीच्या रेषेत नव्हे, बाजूला उभे राहावे आणि मागची जमीन मोकळी ठेवावी. इतरांना १५ मीटर लांब ठेवावे. रस्त्यालगत असेल तर एक माणूस फक्त वाहतूक थांबवायला लागतो.

जड फांदी एकाच कापात काढू नये. शेंड्याकडून तुकडे करत आत यावे. उरलेल्या बुंध्यावर खोडापासून एक वीत दूर खालून पहिला काप द्यावा, जाडीच्या पाव ते तृतीयांश. दुसरा काप वरून, पहिल्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर बाहेर. फांदी मोडते ती खालच्या कापापाशी, सालीची लांब पट्टी खोडावरून सोलली जात नाही. खालचा काप जास्त खोल गेला तर फांदीच्या वजनाने पाते चिमटते. तसे झाल्यास इंजिन बंद करावे आणि हुक लावलेल्या बांबूने फांदी उचलून पाते सोडवावे. हिसकल्यास दांडा वाकतो.

वरून कापताना पात्याचा बुडाकडचा आकडा फांदीला टेकवून, पूर्ण वेगात, यंत्राच्या वजनानेच काप उतरू द्यावा. साखळी पात्याच्या खालच्या अंगाला कामगाराकडे धावते, त्यामुळे आकडा फांदीला घट्ट बसतो. खालून कापताना उलट होते, यंत्र मागे रेटले जाते आणि पट्टा सैल असेल तर पोटात बसते. पात्याचे टोक कुठल्याही फांदीला लागू देऊ नये, तिथूनच झटका येतो.

शेवटचा काप फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेर, त्याला न दुखवता. अडचण अशी की खालून, दोन मीटर मागून, ते कडे नीट दिसत नाही. त्यामुळे शहरात एकतर खुंट लांब राहतो आणि कुजतो, किंवा काप खोडाशी सपाट लागून मोठी जखम होते. दुर्बिणीतून पाहायची लाज वाटू देऊ नये. नाहीतर दुसरा माणूस बाजूने उभा करून त्याला सांगायला लावावे. झाड जखम भरून काढत नाही, ती आत कोंडून टाकते, आणि ते काम कडे शाबूत असेल तरच होते. एका वर्षात पर्णसंभाराच्या चौथाईहून अधिक काढू नये. सावलीच्या झाडांना रंग किंवा डांबर फासण्याची गरज नाही. संत्र्याला मात्र बोर्डो पेस्ट लावतात: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

साखळी

भुसा चिरोट्यासारखा पडत असेल तर साखळी धारदार, पिठासारखा पडू लागला की बोथट. रस्त्याकडेच्या झाडांत जाहिरातींचे आणि लायटिंगचे खिळे, तारा लाकडात बुजलेल्या असतात. एका खिळ्याला अर्धी साखळी जाते. पोल सॉवर सहसा येणाऱ्या ३/८ इंची लो-प्रोफाइल साखळीला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. ३० अंशांत, आतून बाहेर, एकाच दिशेने, प्रत्येक दाताला सारखेच तीन-चार फटके. सर्वांत झिजलेल्या दातापासून सुरुवात करावी. एका बाजूचे दात आखूड राहिले तर काप वाकडा जातो. नवी साखळी घेताना पिच (दुव्यांमधले अंतर), गेज (पात्याच्या खाचेत बसणाऱ्या दुव्याची जाडी) आणि खालच्या दुव्यांची संख्या हे तिन्ही आकडे पात्यावर वाचून घ्यावेत.

साखळीचा ताण थंड असताना बघावा: ती पात्याच्या खाली लोंबता कामा नये, पण हातमोजा घालून ओढली तर सरकली पाहिजे. साखळीच्या तेलाची टाकी वेगळी असते आणि पेट्रोलबरोबर प्रत्येक वेळी भरायची. तेल येते का हे पाहायला पाते जुन्या वर्तमानपत्रावर रोखून थ्रॉटल द्यावा, कागदावर बारीक रेघ उमटली पाहिजे. गाडीचे जळके ऑइल वापरू नये. त्यातला गाळ पंप बंद पाडतो.

तारा, मोहोळ आणि परवानगी

दांडा ॲल्युमिनियमचा असो वा फायबरचा, पोल सॉ विजेपासून इन्सुलेटेड नसतो. पुस्तिका तारांपासून १५ मीटरपर्यंत दूर राहायला सांगतात आणि ओली फांदीही वीज वाहून नेते. तारेला टेकलेली फांदी महावितरणकडून वाहिनी बंद करून घेतल्याशिवाय छाटू नये. घरचा फ्यूज काढल्याने खांबावरची तार मरत नाही. पिंपळ, वड, उंच निंब यांवर आग्या मोहोळ आहे का ते आधी पाहावे; इंजिनाच्या धुराने आणि थरथरीने माश्या चवताळतात आणि पट्ट्यात अडकलेल्या माणसाला पळता येत नाही. म्हणूनच झटक्यात सुटणारी बकल असलेला पट्टा घ्यावा.

छाटणीला दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ नागपुरात बरा. आंबा अपवाद, कारण तेव्हा तो मोहोराच्या तयारीत असतो. त्याची छाटणी फळे उतरल्यावर. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मोठी छाटणी केली तर आजवर सावलीत असलेली साल एकदम उघडी पडून भाजते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड तोडण्यात त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते, त्यामुळे स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही यंत्र लावण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा. २०२१ च्या दुरुस्तीपासून ५० वर्षे किंवा त्याहून जुनी झाडे वारसा वृक्ष मानली जातात. सिव्हिल लाइन्समधली कित्येक झाडे त्या वयाच्या पुढे गेली आहेत.