चिअरलीडिंग : फ्लायरचा उभा पाय आणि दोन्ही बाजूंची लवचिकता

चिअरलीडिंगमध्ये सहकाऱ्यांच्या तळहातांवर उभी राहणारी खेळाडू म्हणजे फ्लायर. एका पायावरच्या कसरतीत तिचे सगळे वजन ज्या पायावर असते त्याला या नोंदीत ‘उभा पाय’ आणि हवेत ताणलेल्या पायाला ‘वरचा पाय’ म्हटले आहे. अमेरिकेतील बहुतेक संघांत उभा पाय उजवा आणि वरचा पाय डावा, असा रिवाज पडला आहे. मुली लहानपणापासून वर्षानुवर्षे याच बाजूने सराव करतात. त्यामुळे एक पाय बळकट पण ताठ आणि दुसरा लवचिक पण कमजोर, असे शरीर घडत जाते. दोन्ही बाजूंच्या लवचिकतेचा वेगळा सराव लागतो तो यासाठीच.

आपल्याकडे चिअरलीडर हा शब्द २००८ साली आयपीएलबरोबर घरोघरी पोचला, तो सीमारेषेपलीकडे नाचणाऱ्या मुलींच्या चित्रासह. येथे अभिप्रेत असलेला खेळ निराळा आहे. त्यात कोलांट्या, मनोरे, उंच फेकून झेलणे असे सगळे असते, आणि गुण देणारे परीक्षकही असतात. त्याची सुरुवात २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटा विद्यापीठात झाली असे मानतात. त्या दिवशी जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने पुढे येऊन प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेतल्या. सुरुवातीला हे काम पुरुषच करत. मिनेसोटात १९२३ साली स्त्रियांना त्यात प्रवेश मिळाला. २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला, इंटरनॅशनल चिअर युनियनला, पूर्ण मान्यता दिली.

एका पायावरच्या कसरतींचे मूळ रूप म्हणजे लिबर्टी. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावरून हे नाव पडले. यात फ्लायर एका पायावर ताठ उभी राहते आणि दुसऱ्या पायाचा गुडघा वाकवून पाऊल उभ्या पायाच्या गुडघ्याशी आणते. याच ठाणावरून पुढची रूपे निघतात. पाय हाताने धरून कानाजवळ सरळ उभा ताणला की हील स्ट्रेच. सरळ मागे उचलला की अरबेस्क. मागून वाकवून पाऊल डोक्याकडे ओढले की स्कॉर्पियन, म्हणजे विंचवाची नांगी. मागचा पाय पूर्ण सरळ करून आभाळाकडे नेला की नीडल.

उजवाच पाय का? बहुतेक माणसे पायरी चढताना किंवा रिकिबीत पाय घालताना एक ठरावीक पाय आधी टाकतात, आणि बेसच्या, म्हणजे खाली उभी राहून फ्लायरला उचलणाऱ्या सहकारी मुलीच्या, जुळवलेल्या हातांत पाय ठेवतानाही तेच होते. एकदा उजवा पाय ठरला की हातांची सगळी मांडणी त्याच्याभोवती बसते. मुख्य बेस चवडा आणि टाच धरते, दुसरी बेस पावलाचा मधला भाग सांभाळते, मागे उभी असलेली बॅकस्पॉट घोटा पकडते. शिवाय मैदानावर चार-पाच गट एकाच वेळी फ्लायर उचलतात. एकीचा डावा आणि दुसरीचा उजवा पाय वर गेला तर चित्र विस्कटते, म्हणून सगळ्या गटांना एकच बाजू दिली जाते. ही सोय संघाची आहे. एखाद्या मुलीच्या शरीराला ती मानवेलच असे नाही, आणि नव्या फ्लायरला पहिल्या दिवशी हातात उचलताना हा विचार व्हायला हवा. जी मुलगी आधी जिम्नॅस्टिक्स किंवा नृत्य करून आली आहे तिचा बरेचदा उजवाच पाय जास्त उघडतो. तिला येथे नेमका तोच पाय खाली ठेवावा लागतो.

हील स्ट्रेचचे दोन-तीन सेकंद जवळून पाहू. माणसाचा एक पाय शरीराच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका असतो. ४५ किलोच्या मुलीचा पाय म्हणजे सात-साडेसात किलो. हे वजन डावीकडे आणि वर सरकते, त्याबरोबर कंबर उजवीकडे ढळू पाहते. ती ढळू न देण्याचे काम उभ्या पायाच्या खुब्याबाहेरचा स्नायू करतो. गुडघा कुलूप लावल्यासारखा ताठ, मांड्या आवळलेल्या, नजर समोर. फ्लायरने खाली पाहिले की डोके पुढे येते आणि वजन चवड्यावर जाते, ते मुख्य बेसच्या बोटांना लगेच कळते. तोल सावरणे मुख्यतः बेसचे काम आहे, फ्लायरने फक्त खांबासारखे राहायचे असते. पण डाव्या मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील तर पाय कानापर्यंत नेण्यासाठी ती नकळत डावी कंबर उचलते आणि धड उजवीकडे झुकवते. खालून पाहणाऱ्याला वाटते तिचा तोल कच्चा आहे. खरी अडचण मांडीत असते.

येथे एक गोष्ट अनेक मुलींच्या आणि प्रशिक्षकांच्याही नजरेतून सुटते. उजव्या पायावर उभे राहून हील स्ट्रेच करायचा तर डावा पाय पुढे असलेला स्प्लिट लागतो (स्प्लिट म्हणजे एक पाय पुढे, एक मागे सरळ ताणून जमिनीवर बसणे). त्याच उजव्या पायावर नीडल किंवा स्कॉर्पियन करायचा तर डावा पाय मागे जातो, म्हणजे उजवा पाय पुढे असलेला स्प्लिट लागतो. त्यामुळे ‘माझा वरचा पाय डावा, मी डावाच स्प्लिट करते’ असे म्हणणारी मुलगी हील स्ट्रेच सुरेख करते आणि स्कॉर्पियनला अडते. तिच्या डाव्या खुब्याच्या पुढचे स्नायू कधी ताणलेच गेलेले नसतात. उघडू न शकणाऱ्या खुब्याची भरपाई मग कंबर करते. पाठ खालच्या मणक्यांपाशी कोयत्यासारखी वाकते आणि सगळा भार तेथे येतो. कंबर मागे वाकवण्याची अशी हजारो आवर्तने वाढत्या वयात झाली तर कमरेच्या मणक्याच्या मागच्या भागाला बारीक तडा जाऊ शकतो. जिम्नॅस्ट मुलांत आणि क्रिकेटमधील वेगवान गोलंदाजांतही ही दुखापत ओळखीची आहे. मागे वाकताना कमरेत एका बाजूला दुखते अशी तक्रार मुलीने केली तर सराव थांबवून डॉक्टरांकडे जावे, ‘ताणेल हळूहळू’ म्हणून पुढे रेटू नये.

सरावाची सुरुवात मोजण्यापासून करावी. डावा आणि उजवा असे दोन्ही स्प्लिट आणि पाय दोन बाजूंना फाकवून बसण्याचा स्प्लिट, या तिन्हींत जमिनीपासून किती अंतर उरते ते पट्टीने मोजून वहीत तारखेसह लिहावे. आठवड्यातून एकदा पुरे. ताण आधी ताठ बाजूला द्यावा, कारण थकल्यावर मागे ठेवलेली बाजू उरकली जाते, आणि त्या बाजूला एक आवर्तन जास्त घ्यावे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची सर्वसाधारण शिफारस एका ताणासाठी १० ते ३० सेकंद, एकूण ६० सेकंद भरतील इतकी आवर्तने, आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस, अशी आहे. फ्लायर याहून जास्त करतात, पण अंग गरम झाल्याशिवाय कोणीच करू नये. कसरतीच्या आधी पाय झुलवणे, चालत लाथा मारणे असे हलते ताण योग्य. एका जागी मिनिटाहून जास्त धरून ठेवलेला ताण स्नायूची ताकद थोडा वेळ कमी करतो, म्हणून तो सरावाच्या शेवटी घ्यावा.

जमिनीवर बसणारा स्प्लिट हवेत कामाला येतोच असे नाही. जमिनीवर शरीराचे वजन पाय उघडते. हवेत पाय स्वतःच्या ताकदीने वर न्यावा लागतो, हात तो फक्त पकडतो. त्यासाठी भिंतीला पाठ लावून, हात न लावता पाय जमेल तितका उचलून पाच सेकंद धरावा. हाताने धरून पाय जातो ती उंची आणि ही उंची यांतला फरक जितका मोठा, तितकी ताकद कमी पडते आहे असे समजावे. उभ्या पायासाठी एका पायावर टाचा उचलणे, आणि घडी केलेल्या गादीवर अनवाणी उभे राहून लिबर्टीचे ठाण ३० सेकंद धरणे, हे दोन व्यायाम घरी होतात. तेही दोन्ही पायांवर.

वयात येताना हाडे झपाट्याने वाढतात आणि स्नायू मागे पडतात. काल बसणारा स्प्लिट दोन महिन्यांत चार बोटे वर येतो. मुलगी रडकुंडीला येते, तिला वाटते आपण आळशी झालो. हे वाढीचे लक्षण आहे, आणि तसे तिला सांगायला हवे. या काळात मांडीच्या मागचा स्नायू बसण्याच्या हाडाला जेथे जोडलेला असतो तो भाग अजून पक्का झालेला नसतो. जोराचा झटका बसला तर हाडाचा तुकडाच निखळू शकतो. म्हणून खांद्यावर वजन देऊन कोणालाही स्प्लिटमध्ये दाबणे सर्वथा चूक आहे. २०१७ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरात एका हायस्कूलच्या मुलींना धरून जबरदस्तीने स्प्लिटमध्ये दाबल्याच्या चित्रफिती बाहेर आल्या. मुली ओरडत होत्या, थांबा म्हणत होत्या. त्या प्रशिक्षकाला काढून टाकण्यात आले.

वरच्या पातळीवरच्या स्पर्धांत एकाच पायाचा रिवाज आपोआप अपुरा पडतो, कारण तेथे टिक-टॉक नावाची कसरत असते. फ्लायर उजव्या पायावर उभी असते, बेस गुडघे वाकवून तिला वर उसळवतात, ती हवेतच पाय बदलते आणि डाव्या पायावर झेलली जाते. क्षणापूर्वी वर असलेला डावा पाय आता सगळे वजन घेतो, आणि इतकी वर्षे खाली राहिलेला उजवा पाय कानाशी जायला हवा. काही संघ पहिल्याच हंगामात नवख्या फ्लायरना जमिनीवर दोन्ही पायांची ठाणी करायला लावतात, आणि बेसनाही उजव्या-डाव्या जागा अदलाबदल करून पकड शिकवतात.